ग्रिप जाड की बारीक? उत्तर कोपराच्या खाली आहे

अमेरिकी गोल्फर ब्रायसन डीशँबोचा कुठलाही व्हिडिओ लावा आणि बॉल सोडून त्याच्या हातांकडे बघा. नेहमीची गोल्फ ग्रिप, म्हणजे क्लबची (गोल्फच्या काठीची) रबरी मूठ, वरच्या टोकापासून २ इंचांवर मोजली तर साधारण ०.९ इंच म्हणजे २३ मिमीच्या आसपास भरते, ह्याच्या ग्रिप जंबो, म्हणजे निदान ३ मिमी जास्त जाड. आणि गोल्फवाल्यांचा आवडता नियम काय तर जाड ग्रिप घेतली की मनगट अडकतं, बॉल उजवीकडे जातो म्हणजे स्लाइस, बारीक घेतली की मनगट जास्त फिरतं आणि बॉल डावीकडे, हुक (राइटी लोकांसाठी, लेफ्टींनी उलटं वाचा). मग हा माणूस २०२०-२१ च्या पीजीए टूरवर (अमेरिकेतली व्यावसायिक गोल्फची मालिका) सरासरी ३२३ यार्ड कसा काय मारत होता? त्याने व्यायाम करून अंग कमावलं होतं हे खरंच, पण अडकलेल्या मनगटाने एवढं लांब जात नाही.

गंमत अशी आहे की मूठ आवळणारे मुख्य स्नायू हाताच्या पंजात नसतातच. ते कोपर आणि मनगटाच्या मधे असतात आणि त्यांच्या लांब दोऱ्या, म्हणजे टेंडन, मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून बोटांच्या पेरांपर्यंत जातात. आता स्नायूच्या आत बघा, ॲक्टिन आणि मायोसिन असे दोन प्रकारचे तंतू एकमेकांत घुसलेले असतात, मायोसिनची इवली इवली डोकी ॲक्टिनला पकडून ओढतात आणि त्यातून जोर तयार होतो. एका वेळी किती डोकी पकडू शकतील हे स्नायूच्या लांबीवर ठरतं. फार ताणला तर तंतू सुटे होत जातात, फार आखडला तर ॲक्टिन एकमेकांवर चढतात आणि दोन्हीकडे जोर कमी पडतो. खोटं वाटत असेल तर मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि तसंच ठेवून मूठ आवळा. जोरच लागत नाही.

बारीक दांड्यावर बोटं जास्त मिटतात, म्हणजे स्नायू आधीच आखडलेला. मोठ्या पंजाच्या माणसाला मग तेवढीच पकड ठेवायला जास्त आवळावं लागतं. आणि इथे दुसरी भानगड सुरू होते, कारण त्याच दोऱ्या मनगटावरून जातात, त्यामुळे मूठ आवळली की मनगटही आत वाकायला बघतं, ते वाकू नये म्हणून हाताच्या पाठीकडचे स्नायू उलट ओढतात आणि दोन्हीकडून ओढाताण झाली की मनगट कडक. (मूठ आवळताना दुसऱ्या हाताने कोपराखाली वरच्या बाजूला चाचपा, टणक लागेल.) म्हणजे अशा माणसाचं मनगट बारीक ग्रिपने अडकू शकतं आणि जाड ग्रिपने मोकळं होऊ शकतं, नियमाच्या बरोब्बर उलट! जाडी थेट मनगटावर काम करत नाही, तुम्ही किती आवळता त्यातून करते.

शिवाय टॉर्क आहेच. जाड मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने स्क्रू सहज फिरतो तसंच, घर्षण गुणिले त्रिज्या, जंबोने त्रिज्या १४ टक्के वाढली म्हणजे तेवढंच आवळून क्लबचं वळणं १४ टक्के जास्त थोपवता येतं.

बाय द वे, गोल्फवाल्यांना हातात घालायची चुंबकाची आणि तांब्याची कडी पण विकतात, 'एनर्जी' वाढते म्हणे. ॲक्टिन मायोसिनला त्या कड्याचा पत्ताही नसतो. ते पैसे ग्रिपवर घाला.

जाडी वाढवायची तर ग्रिपखाली मास्किंग टेपचे वेढे मारतात, एका वेढ्याला १/६४ इंच म्हणजे ०.४ मिमी धरायची पद्धत आहे, मिडसाइझ म्हणजे नेहमीपेक्षा १/१६ इंच जाड, जंबो १/८. प्रत्यक्षात थोडं कमी भरतं कारण रबर दाबून लहान होत नाही, आकारमान तेवढंच राहतं, मोठ्या दांड्यावर ताणलं की भिंत पातळ होते. म्हणूनच ग्रिप लांबीत ओढून बसवली की बारीकही करता येते. फक्त ग्रिपकडे वजन वाढलं की हेड, म्हणजे क्लबचं बॉलला लागणारं टोक, हलकं वाटायला लागतं, ५ ग्रॅमला साधारण एक स्विंगवेट पॉइंट (क्लब फिरवताना हेड किती जड वाटतं त्याचं माप).

मापासाठी क्लब डाव्या हातात धरा, मधलं आणि अनामिका ही बोटं तळव्याला जेमतेम टेकली पाहिजेत. रुतत असतील तर वेढे वाढवा, पण आधी एकाच क्लबवर, सेव्हन आयर्नवर (सात नंबरचा लोखंडी क्लब), सगळा सेट उसवू नका. गोल्फच्या अधिकृत नियमांत ग्रिपच्या जाडीची मर्यादा १.७५ इंच आहे, टेपने तिथपर्यंत पोचायला रोलच संपेल.