पिवळा धोबी नांदूरहून कधी निघतो?

मार्च उजाडला की नांदूर मधमेश्वरला येणाऱ्या पक्षीप्रेमींची गर्दी ओसरते. चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यांवर जागा मिळू लागते. आसपासच्या शिवारात द्राक्षांची तोडणी आणि पाठोपाठ उन्हाळ कांद्याची काढणी सुरू होते. पाहुणे पक्षी आता चालले, हंगाम संपला, असं सगळेच धरून चालतात. मला मात्र वर्षातले सर्वांत मोलाचे आठवडे हेच वाटतात. पक्षी इथे येतात तेव्हा प्रवास उरकून आलेले असतात. परतीची तयारी ते आपल्या डोळ्यांदेखत करतात.

नाशिकपासून साधारण ४०-४५ किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी गेल्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला गेला. शंभरेक वर्षं गाळ साचत गेला आणि त्यातून उथळ पाणी, चिखलाची बेटं, पाणवनस्पती असं पाणथळ तयार झालं. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. इथलं पाणी ऋतूप्रमाणे हळूहळू आटत नाही. वरच्या धरणांतून आवर्तन सुटलं की पातळी चढते, कालव्यांनी पाणी ओढलं की उतरते. उतरलेल्या पाण्यातून वर आलेला ओला चिखल म्हणजे किडे, अळ्या, गोगलगायी यांचं ताट वाढून ठेवलेलं. काळ्या शेपटीचे पाणटिवळे, तुतारी, शेकाटे त्यावर तुटून पडतात. म्हणून मार्चमध्ये इथे यायचं तर तारखेइतकीच पाण्याची पातळीही विचारून निघावं. पाणी चढलेलं असेल तर चिखलपक्षी दूर कुठेतरी विखुरलेले असतात.

या खाण्यामागे लांबच्या प्रवासाचा हिशोब असतो. उडण्यासाठी सर्वांत सोयीचं इंधन चरबी. पिष्टमय पदार्थ किंवा प्रथिनं यांच्या दुपटीहून जास्त ऊर्जा तेवढ्याच वजनात तिच्यात मावते, शिवाय ती जळताना शरीराला पाणीही मिळतं. लांब पल्ल्याचे काही छोटे पक्षी निघण्याआधी आपलं वजन जवळपास दुप्पट करतात. काही पाणटिवळ्यांमध्ये आणि त्यांच्या नात्यातल्या चिखलपक्ष्यांमध्ये तर निघण्याच्या सुमारास जठर-आतडी आक्रसतात. वाटेत न लागणारं वजन शरीर स्वतःच कमी करतं. एप्रिलच्या सुरुवातीला दुर्बिणीतून पाणटिवळ्याच्या पोटाकडे नीट पाहा. जानेवारीत सडपातळ दिसणारा पक्षी आता शेपटीखाली भरलेला दिसतो आणि मानेवर विटकरी रंग चढू लागलेला असतो. भुवई बदकाचा नरही असाच. थंडीत तो मादीसारखाच तपकिरी असतो, त्यामुळे थव्यात नर आहेत की नाहीत हेच कळत नाही. मार्चपर्यंत डोळ्यावरून मानेपर्यंत गेलेली ठसठशीत पांढरी पट्टी उमटते आणि थव्यातले नर लांबूनही ओळखू येतात.

पण निघायची वेळ झाली, हे त्यांना कळतं कसं? नाशिकला एप्रिलचं ऊन कडक असतं, तरी तापमान हा भरवशाचा पंचांगकर्ता नव्हे. एखाद्या वर्षी फेब्रुवारीतच उकडतं. दिवसाची लांबी मात्र दरवर्षी नेमकी तीच. आपल्याकडे डिसेंबरचा दिवस सुमारे ११ तासांचा असतो, मार्चअखेर तो १२ तासांच्या पुढे गेलेला असतो. कॅनडात विल्यम रोवन यांनी १९२० च्या दशकात याची पहिली मोठी परीक्षा घेतली. जुंको नावाच्या छोट्या स्थलांतरी पक्ष्यांना त्यांनी हिवाळ्यात उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवलं आणि संध्याकाळी दिवे लावून त्यांचा दिवस रोज थोडाथोडा लांबवला. बाहेर कडाक्याची थंडी असूनही त्या पक्ष्यांची जननेंद्रियं वसंतात वाढावीत तशी वाढली. वसंत ऋतू त्यांच्यासाठी दिव्यांनी आणला होता.

हे उत्तर मात्र पुरं पडत नाही, आणि ते का पुरत नाही हे पिवळा धोबी दाखवतो. नांदूरच्या काठावर म्हशींच्या पायांतून तुरुतुरु पळत किडे टिपणारा, शेपटी सतत वरखाली हलवणारा हा पक्षी थंडीत फिकट आणि एकसारखा दिसतो. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पिसं बदलली की नरांची डोकी वेगळी होतात. कुणाचं काळं कुळकुळीत, कुणाचं गडद राखाडी, तर कुणाचं फिकट राखाडी, वर पांढरी भुवई. या एकाच जातीच्या उपजाती आहेत. काळ्या डोक्याचे बाल्कनपासून मध्य आशियापर्यंत घरटी करतात. गडद राखाडी डोक्याचे त्यांच्याहून कितीतरी उत्तरेला, स्कँडिनेव्हियापासून सायबेरियापर्यंत.

आता एकाच चिखलावर, तेच किडे खाऊन, तोच सूर्य पाहत सगळे राहिले आहेत. फक्त दिवसाची लांबीच वेळ ठरवत असेल, तर सगळे एकदमच निघायला हवेत. स्वीडनचे पक्षी-अभ्यासक काई करी-लिंडाल यांनी आफ्रिकेत काँगोमध्ये हिवाळा काढणाऱ्या धोब्यांचा अभ्यास केला, तेव्हा तसं आढळलं नाही. दक्षिणेकडे घरटी करणाऱ्या उपजाती लवकर चरबी साठवून लवकर निघत. उत्तरेकडच्या मागे राहत. उत्तरेला बर्फ उशिरा वितळतं, तिथे लवकर पोचणं म्हणजे उपासमार. म्हणजे दिवसाची लांबी सगळ्यांना एकच खूण देते, पण त्या खुणेवर केव्हा हलायचं हे प्रत्येक उपजात पिढ्यान्‌पिढ्या आपल्या रक्तातून घेऊन येते. मला हे अतिशय विलक्षण वाटतं. दहा पावलांवर चरणाऱ्या दोन धोब्यांच्या शरीरात दोन वेगवेगळ्या गावांचा वसंत चालू असतो.

पट्टकादंब या रानहंसांपुढचं संकट निराळं असतं. तिबेट-मंगोलियाकडे जाताना त्यांना हिमालय ओलांडावा लागतो. उपग्रह-यंत्रं बसवलेल्या पट्टकादंबांची ७,२९० मीटरपर्यंतची उंची नोंदली गेली आहे. त्यांचं हिमोग्लोबिन विरळ हवेतला ऑक्सिजन घट्ट धरतं, फुप्फुसं मोठी असतात. तरीही ते उगाच उंच जात नाहीत. डोंगराच्या चढ-उताराला धरून वरखाली होत जातात आणि अवघड टप्पे बरेचदा रात्री किंवा पहाटे गाठतात, कारण थंड हवा दाट असते आणि पंखांना आधार देते.

बदकं आणि चिखलपक्षीही बहुतेक अंधार पडताना किंवा त्यानंतर निघतात. त्यामुळे सकाळीच पक्षी पाहून परतणाऱ्याच्या हाती ही गोष्ट कधी लागत नाही. वनखात्याच्या वेळेत बसेल तेवढं सूर्यास्तापर्यंत थांबावं. थवा उठतो, घिरट्या घालतो, पुन्हा बसतो, आवाज वाढतो. रात्रीच्या प्रवाशांसाठी नाशिकच्या गच्चीवरूनही एक उपाय आहे: पौर्णिमेच्या आसपास स्पॉटिंग स्कोप (तिवईवरची एकडोळी दुर्बीण) चंद्रावर रोखून बसायचं आणि बिंबावरून सरकणाऱ्या सावल्या मोजायच्या. अमेरिकेत जॉर्ज लाउरी यांनी १९४० च्या दशकात याच पद्धतीने रात्रीच्या स्थलांतराचं मोजमाप सुरू केलं.

खरी उणीव नोंदींची आहे. पहिला चक्रवाक कधी दिसला हे पुष्कळजण लिहितात, शेवटचा कधी दिसला हे फार थोडे. ते अवघडही आहे. आज पाहिलेला थापट्या बदक शेवटचा होता, हे तो नंतरच्या फेऱ्यांत दिसला नाही तरच कळतं. म्हणून पक्षी नसलेल्या दिवसाची यादीही तेवढीच लागते. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पूर्ण यादी भरली, तर त्यात नसलेलं नावही माहिती ठरतं. वसंतातलं स्थलांतर हवामानाबरोबर सरकतं आहे हे युरोपात कळलं, ते पक्षी-वेधशाळांनी दशकानुदशकं चिकाटीने ठेवलेल्या तारखांमुळे. बाल्टिक किनाऱ्यावरच्या खाजणाकाठी रोसिटेनला अशी वेधशाळा १९०१ मध्येच सुरू झाली होती.

नोंद करताना पिसांचा रंगही लिहा. पाणटिवळ्यांसारख्या चिखलपक्ष्यांतली पहिल्या वर्षाची काही पिल्लं उत्तरेला जातच नाहीत, इथेच फिकट पिसांत उन्हाळा काढतात. मे महिन्यातला असा पक्षी उशिरा निघालेला प्रवासी समजला गेला तर तारीख फसते. पळस-पांगाऱ्यावर गोंगाट करणाऱ्या भोरड्यांचं (गुलाबी मैनांचं) गणित याच्या उलट. त्या एप्रिलपर्यंत रेंगाळतात, मध्य आशियात टोळांच्या हंगामात पिल्लं वाढवतात आणि जुलैअखेर-ऑगस्टमध्ये परतू लागतात. भोरडीच्या जाण्या-येण्याची पूर्ण तारीख हवी असेल तर वही भर पावसातही चालू ठेवावी लागते.