पालकांपर्यंत न पोहोचणारी माहिती

आपल्या मुलाची या वर्षी किती दिवस शाळा बुडाली? मनात एक आकडा धरा आणि मग वर्गशिक्षिकेला हजेरीपट पाहायला सांगा. ज्यांची मुले वारंवार गैरहजर असतात, त्या पालकांचा अंदाज खऱ्या आकड्याच्या बराच खाली असतो. शिवाय इतर मुलेही एवढीच घरी राहत असतील, असा त्यांचा समज असतो. टॉड रॉजर्स आणि अवी फेलर या संशोधकांनी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात २८ हजारांहून अधिक कुटुंबांना घेऊन याचा प्रयोग केला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. काही घरांना हजेरीचे महत्त्व सांगणारी पत्रे गेली, तर काहींना 'तुमचे मूल आजवर इतके दिवस गैरहजर आहे' हा आकडा कळवला गेला. आकडा कळलेल्या घरांत सतत गैरहजर राहणाऱ्या मुलांचे प्रमाण १० टक्के किंवा त्याहून अधिक घटले. नुसत्या उपदेशाचा परिणाम त्याहून कमी होता.

असे का व्हावे? आपल्याकडचे वर्ष आठवून पाहा. गणपतीच्या चवथीला आजोळी दोन दिवस जास्त राहणे झाले, जत्रेच्या जागरणानंतर एक दिवस गेला, मग ताप आला, मग घरचे लग्न. प्रत्येक दिवसाला खरे कारण असते, म्हणून कुणाला काही वावगे वाटत नाही. बेरीज मात्र फक्त हजेरीपटावर होते, आणि हजेरीपट शाळेत असतो.

अभ्यासाचेही तसेच. पीटर बर्गमन या अर्थशास्त्रज्ञाने लॉस एंजेलिसमधल्या एका शाळेत पालकांना थेट कळवायला सुरुवात केली: कोणत्या विषयाचा, कोणत्या पानावरचा गृहपाठ राहिला आहे. एरवी हे पालक मुलांच्या मेहनतीबद्दल वाजवीपेक्षा जास्त आशावादी होते. नेमकी माहिती मिळू लागल्यावर मोठ्या वर्गांतल्या मुलांचे गुण सुधारले. कारण उघड आहे. शाळेची खबर घरी नेण्याचे काम आपण मुलावरच सोपवलेले असते, आणि काय सांगायचे, काय गाळायचे हेही तेच ठरवते.

गोव्यात घर आणि शाळा यांच्यातला धागा आणखी विरळ होत चालला आहे, असे मला वाटते. शाळेत ने-आण करणारी बालरथ बस आली आणि दूरच्या वाड्यांवरच्या मुलांची पायपीट थांबली, हे फार चांगले झाले. पण मुलाला आणायला फाटकापाशी गेल्यावर बाईंशी होणारे दोन शब्दांचे बोलणेही त्याबरोबर गेले. आई वेर्ण्याच्या कारखान्यात, वडील बोटीवर, अशी घरे थोडी नाहीत. त्यात भाषेची अडचण. चौथीपर्यंत मराठीत शिकलेले मूल पाचवीत बहुधा इंग्रजी माध्यमात जाते आणि शाळेच्या सूचनाही इंग्रजीतून येऊ लागतात. ज्या आजीच्या हाती मूल दिवसभर असते, तिला त्या वाचता येत नाहीत.

पालक-शिक्षक संघाची सभा ही उणीव भरून काढत नाही. कार्यकारिणीची निवड, स्नेहसंमेलनाचा खर्च, गणवेश हे सारे तिथे ठरते आणि ठरायलाही हवे. व्हॉट्सअॅपच्या गटावर सगळ्यांना एकच सूचना जाते. आपल्या लेकराबद्दलचे वाक्य दोन्हीकडे नसते.

अशा एका वाक्यात किती ताकद असते, हे मॅथ्यू क्राफ्ट आणि टॉड रॉजर्स यांच्या २०१५ च्या अभ्यासात दिसले. नापास विषय पुन्हा देण्यासाठी उन्हाळी वर्गाला आलेल्या मुलांच्या पालकांना दर आठवड्याला शिक्षकांचा एकेका वाक्याचा निरोप जाई. निरोप न गेलेल्या गटात १५.८ टक्के मुलांचा तो विषय सुटला नाही. निरोप गेलेल्या गटात हे प्रमाण ९.३ टक्के होते. मुख्य म्हणजे वर्ग अर्धवट सोडून जाणारी मुले कमी झाली. नुसत्या कौतुकापेक्षा काय सुधारायचे हे सांगणारे निरोप अधिक लागू पडले, कारण घरातले बोलणे त्या दिशेला वळले. 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही' हे वाक्य आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. त्यावर आई रागावण्यापलीकडे काय करणार? 'अपूर्णांक तोंडी सांगतो, पण वहीत पायऱ्या लिहीत नाही' असे कळले, तर ती संध्याकाळी वही उघडून बघेल.

मात्र माहिती मिळाली म्हणून मुलाच्या मानगुटीवर बसू नये. नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ मध्ये माध्यमिक वयाच्या मुलांविषयीचे ५० अभ्यास एकत्र तपासले. शिकण्याचा उपयोग काय, पुढे काय व्हायचे आहे, यावर घरात होणाऱ्या बोलण्याचा प्रगतीशी सर्वांत घट्ट संबंध आढळला. गृहपाठातल्या मदतीचा संबंध मात्र उलटा निघाला. मागे पडलेल्या मुलालाच मदत जास्त मिळते, हेही त्यामागे असू शकते. तरी तेरा वर्षांच्या मुलाशेजारी पट्टी घेऊन बसण्याने फारसे साधत नाही, हे मला पटते.

शिक्षण हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी आणि प्रगती सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. कर्तव्याला वेळ लागतो. वर्गात ४० मुले असतील, तर आठवड्याला प्रत्येकी एक वाक्य म्हणजे पाच दिवसांत रोज आठ वाक्ये, तीही घरात वाचता येईल अशा भाषेत. त्यासाठी वेळापत्रकात एक तास मोकळा काढता येईल का, हा विषय पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घालायला सांगा.