आगीला सरावलेली झाडं

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम उतारावर ‘जनरल शेर्मन’ नावाचा एक सिकोया, म्हणजे सूचिपर्णी जातीचा महावृक्ष, उभा आहे. उंची सुमारे ८४ मीटर, बुंध्याचा घेर ३१ मीटर. उंचीत त्याला मागे टाकणारी झाडं आहेत. किनाऱ्यालगतच्या रेडवूडांपैकी ‘हायपेरियन’ तर ११५ मीटरच्याही वर गेला आहे. पण एका खोडात मावणाऱ्या लाकडाचा हिशेब मांडला की शेर्मनच पहिला: जवळजवळ १,४८७ घनमीटर. वय दोन हजार वर्षांच्या पुढे.

एवढ्या थोराड देहातला बहुतेक भाग मात्र मेलेला असतो. मधलं लाकूड वाढत नाही, पाणीही वाहून नेत नाही. नुसता भार पेलतं. टॅनिन या तुरट द्रव्यामुळे ते लवकर कुजत नाही, किडीही त्याच्या वाटेला फारशा जात नाहीत. खोडात जीव उरतो तो सालीच्या आतल्या पातळ थरात आणि त्याला लागून असलेल्या ओल्या लाकडात. हा थर दरवर्षी लाकडाचं एक नवं वलय चढवतो. १८९१ मध्ये ‘मार्क ट्वेन’ नावाचा सिकोया तोडला, तेव्हा अशी १,३४१ वलयं भरली. त्याची एक चकती आजही न्यूयॉर्कच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. झाड केवढं होतं हे लोकांना पटावं म्हणून ते तोडलं होतं!

तेव्हा जपायचा तो हा पातळ थर. त्याच्यावर सालीचं पांघरूण आहे, बुंध्याशी अर्ध्या मीटरहूनही जाड. हात लावला तर ती लाकडासारखी टणक लागत नाही. तंतुमय, जराशी दबणारी असते. तिच्यात राळ जवळपास नसते, त्यामुळे ती सहजी पेटत नाही. तरी एखाद्या वणव्यात आग आत शिरलीच, तर तेवढा पट्टा मरतो आणि दोन्ही बाजूंचं जिवंत लाकूड वर्षानुवर्षं सरकत येऊन तो झाकू लागतं. जखम आत तशीच राहते. वलयं मोजत गेलं की ती कोणत्या वर्षीची, हेही कळतं.

आग त्याला नुसती सोसत नाही, हवीही असते. सिकोयाचा शंकू कोंबडीच्या अंड्याएवढा. आत दोनेकशे बिया, पण तो वीस-वीस वर्षं हिरवा आणि मिटलेला राहू शकतो. खालून वणव्याची धग आली की सुकतो, उघडतो आणि ओटच्या पापुद्र्याएवढ्या बिया भुरभुरतात. पालापाचोळा जळून माती उघडी पडलेली असते, वर ऊन यायला जागा झालेली असते. रोपाला आणखी काय हवं?

विसाव्या शतकात माणसांनी प्रत्येक वणवा विझवायचा चंग बांधला. रोपं उगवेनाशी झाली आणि खाली सरपण साठत गेलं. चूक लक्षात आल्यावर १९६० च्या दशकाअखेरीस तिथल्या राष्ट्रीय उद्यानांनी ठरवून, बेताच्या आगी लावायला सुरुवात केली. पण सगळं रान त्यात येणं शक्य नव्हतं. २०२० च्या ‘कॅसल’ वणव्यात, दुष्काळाने वाळलेल्या रानात, ज्वाळा थेट शेंड्यांना भिडल्या. तिथे बुंध्याची साल काय करणार? जगातल्या मोठ्या सिकोयांपैकी किमान दहा टक्के त्या एका वणव्यात गेले.

पुढच्याच वर्षी आग शेर्मनच्या दिशेने निघाली, तेव्हा कर्मचाऱ्यांनी त्याचा बुंधा अॅल्युमिनियमच्या चकाकत्या वेष्टनात गुंडाळला. शेर्मन वाचला. त्याच्या भोवतीचं रान गेली कित्येक वर्षं ठरवून जाळलं जात होतं.