सत्तेवरील मर्यादा (मुंबई)

राज्यकर्त्याला मनमानी करता येऊ नये म्हणून कायदा, संस्था आणि समाज त्याच्या अधिकारावर जी बंधने घालतात, त्यांना सत्तेवरील मर्यादा म्हणतात. मुंबईच्या इतिहासात हे बंधन कोणी घातले यापेक्षा ते अमलात आणण्याचे साधन कोणाच्या हाती होते, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरला.

१८२४ मध्ये मुंबईत ब्रिटिश राजाच्या सनदेनुसार सर्वोच्च न्यायालय सुरू झाले. पुण्यात पालकाच्या ताब्यात असलेल्या मोरो रघुनाथ या मुलाला हजर करण्याचा आदेश या न्यायालयाने १८२८ मध्ये काढला, तेव्हा मुंबई बेटाबाहेरच्या एतद्देशीयांवर न्यायालयाचा अधिकार चालत नाही, अशी भूमिका घेऊन गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी अंमलबजावणीस साहाय्य नाकारले. दोन्ही सहकारी न्यायाधीशांच्या निधनानंतर एकटे उरलेले सर जॉन पीटर ग्रँट यांनी एप्रिल १८२९ मध्ये कामकाजच बंद केले; पुढे प्रिव्ही कौन्सिलनेही (लंडनमधील सर्वोच्च अपील संस्था) माल्कम यांचीच बाजू उचलून धरली. तो निर्णय कायद्याला धरून असेलही. परंतु तो येण्यापूर्वीच, शिपाई गव्हर्नरच्या हुकमतीत असल्यामुळे, न्यायालयाचा आदेश पुण्यात निरर्थक झाला होता.

जानेवारी १९८२ मध्ये मात्र शिपायांची गरज पडली नाही. सिमेंटवाटप आणि मुख्यमंत्र्यांच्या न्यासाला मिळालेल्या देणग्या यांचा परस्परसंबंध असल्याचा निष्कर्ष मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. बख्तावर लेंटिन यांनी नोंदवताच मुख्यमंत्री अ. र. अंतुले पायउतार झाले. हे प्रकरण वृत्तपत्रांनी आधीच चव्हाट्यावर आणले होते.

नगरकारभारात मर्यादेचे साधन पैसा हे होते. १८६५ च्या कायद्याने नेमलेले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या वारेमाप खर्चाविरुद्ध १८७१ मध्ये करदाते उठले. दोष एका अधिकाऱ्याचा नसून त्याच्यावर देखरेख न ठेवणाऱ्या जस्टिस मंडळाचा (सरकारने नेमलेल्या ‘जस्टिस ऑफ द पीस’ या मानद दंडाधिकाऱ्यांच्या नगरसभेचा) आहे, हे फिरोजशहा मेहता यांचे त्या वेळचे निदान अधिक मूलगामी होते. १८७२ च्या कायद्याने करदात्यांना प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मिळाला. आजही लागू असलेल्या १८८८ च्या अधिनियमानुसार आयुक्त सरकारनियुक्त असतो, तर अर्थसंकल्पाची मंजुरी निर्वाचित सभागृहाकडे असते. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपून आयुक्तच प्रशासक झाल्यावर, प्रशासनाने तयार केलेला अर्थसंकल्प मंजूर करण्याचा अधिकारही प्रशासनाकडेच गेला.