ईनेश्ट्रासे २२ : जर्मन वर्गातल्या इतिहासामागचा इतिहास

बर्लिनच्या नैर्ऋत्येला डालेम हे उपनगर आहे. जुने बंगले, दाट झाडी आणि मध्येमध्ये फ्री युनिव्हर्सिटीच्या इमारती. तिथल्या ईनेश्ट्रासे या रस्त्यावर २२ नंबरच्या इमारतीत आता राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. दाराशी एक पाटी आहे आणि ती चांगलीच लांबलचक आहे. १९२७ ते १९४५ या काळात इथे मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र (‘चांगल्या’ वंशाचीच पैदास व्हावी असं मानणारं शास्त्र) यांची कैसर विल्हेल्म संस्था होती. ऑयगेन फिशर आणि ओटमार फॉन फेर्शुअर या तिच्या दोन संचालकांनी नाझी राजवटीच्या वंशधोरणाला शास्त्राचा आधार पुरवला. नाझी डॉक्टर योझेफ मेंगेलेने आउशवित्झच्या छळछावणीत जुळ्यांवर जे प्रयोग केले त्यांची आखणी इथे झाली. या गुन्ह्यांची शिक्षा कुणालाही झाली नाही. फेर्शुअर तर १९६५ पर्यंत म्युन्स्टरला प्राध्यापक होते. हे सगळं त्या पाटीवर आहे.

आपल्याकडच्या पाट्या उद्घाटन कोणाच्या शुभहस्ते झालं एवढंच सांगतात. त्यामुळे जर्मनीचा इतिहास आणि संस्कृती शिकायला गेलेला मराठी विद्यार्थी ही पाटी वाचताना थबकतो. जर्मन माणूस मुळातच शिस्तीचा, तेव्हा कबुलीही शिस्तीत देत असणार, असा निष्कर्ष तो काढून टाकतो. मला हा निष्कर्ष साफ चुकीचा वाटतो. ती पाटी लागली १९८८ साली, म्हणजे संस्था संपल्यावर ४३ वर्षांनी. मधल्या काळात काय काय झालं ते पाहिल्याशिवाय आज जर्मन वर्गात इतिहास ज्या तऱ्हेने शिकवतात, ती तऱ्हा नीट कळत नाही.

पुण्या-मुंबईचं जर्मनीशी नातं जुळलं ते संस्कृतमुळे. मार्टिन हाउग आणि फ्रान्झ कीलहॉर्न पुण्यात शिकवत, गेओर्ग ब्यूलर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात. रा. गो. भांडारकरांना ग्यॉटिंगेन विद्यापीठाने १८८५ मध्ये मानद डॉक्टरेट दिली. वि. सी. सुखटणकर बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स यांच्या हाताखाली तयार झाले आणि पुढे भांडारकर संस्थेतल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले. स्वातंत्र्यानंतर जर्मनीने भारतात सांस्कृतिक केंद्रं उघडली. पहिलं १९५७ मध्ये कोलकात्यात निघालं. जगभर ज्यांना कवी गटेचं नाव आहे, त्यांना इथे वेदांच्या अभ्यासकाच्या नावाने मॅक्स म्युलर भवन म्हणायचं ठरलं. भारतात एकदाही न आलेल्या माणसाच्या नावाने आपण आजही जर्मनच्या क्लासला जातो. पण त्यातून एक प्रतिमा मनात घट्ट बसली, ती म्हणजे वेदांवर प्रेम करणाऱ्या विद्वानांचा देश. याच देशातल्या एका प्रयोगशाळेत एक पुणेकर बाई कवट्या मोजत होत्या, हे या प्रतिमेत बसत नाही.

इरावती कर्वे १९२८ च्या अखेरीस बर्लिनला गेल्या. समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांच्याकडे मुंबई विद्यापीठाची एम. ए. झाली होती. पती दिनकर कर्वे स्वतः जर्मनीतून रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आलेले, त्यामुळे त्यांचा पाठिंबा होता. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांना मात्र हे जाणं पसंत नव्हतं. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाचा सुनेच्या परदेशी शिक्षणाला विरोध, हा आपल्या समाजसुधारणेचा एक वेगळाच अध्याय आहे. पण तो इथे नको. शेवटी डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन त्या निघाल्या.

ईनेश्ट्रासेवरची संस्था तेव्हा नवी कोरी होती. फिशर यांचं नाव मोठं. नामिबिया तेव्हा जर्मन वसाहत होती, तिथे रेहोबोथ गावी १९०८ मध्ये त्यांनी गोऱ्या-काळ्यांच्या मिश्र संततीचा अभ्यास केला होता आणि अशी लग्नं होऊ नयेत असा निष्कर्ष काढला होता. त्याच वसाहतीत १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला. इरावतीबाईंना फिशर यांनी विषय दिला तो कवटीच्या विषमतेचा. माणसाच्या कवटीची डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. गोऱ्या युरोपीय माणसात ही विषमता जास्त असते आणि तिचा त्याच्या श्रेष्ठ बुद्धीशी संबंध आहे, असा फिशर यांचा कयास होता. तो मोजमापाने सिद्ध करायचा होता.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. कवट्या संग्रहातल्या, काही आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतून आणलेल्या. आकडे मांडल्यावर निष्कर्ष निघाला की विषमता सगळीकडे आढळते आणि वंशाशी तिचा काही संबंध दिसत नाही. पंचविशी नुकती गाठणारी, गुलाम देशातली एक विद्यार्थिनी मार्गदर्शकाच्या लाडक्या सिद्धान्ताला त्याच्याच संस्थेत, त्याच्याच पद्धतीने खोटं ठरवते, आणि तसा प्रबंध सादर करते. १९३० मध्ये पदवी मिळाली, पण श्रेणी खालची. तीन वर्षांनी हिटलर सत्तेवर आला. फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्यांच्या संस्थेचे लोक सक्तीच्या नसबंदीसाठी तज्ज्ञ म्हणून अहवाल देऊ लागले.

ही गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते आणि ते रास्तच आहे. मात्र तिचा पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. डेक्कन कॉलेजात आल्यावर इरावतीबाईंनी महाराष्ट्रातल्या जातीजातींची शरीरमापं घेतली. निष्कर्ष फिशरसारखे नव्हते, जातीच्या श्रेष्ठ-कनिष्ठतेला त्यात थारा नव्हता. पण उपकरणं आणि मोजण्याची रीत बर्लिनचीच होती. हत्यार निर्दोष आणि वापरणारा दोषी, असं म्हणून हा प्रश्न मिटत नाही.

१९४५ नंतर काय झालं? संस्थेचे बरेच कागद नाहीसे झाले. पूर्व बर्लिनमधल्या जुन्या विद्यापीठातल्या कम्युनिस्ट दडपणाला कंटाळलेल्या विद्यार्थ्यांनी अमेरिकनांच्या मदतीने १९४८ मध्ये डालेमला फ्री युनिव्हर्सिटी सुरू केली आणि ही इमारत पुढे तिच्याकडे आली. स्वातंत्र्याचं नाव लावणाऱ्या विद्यापीठाने आपल्या भिंतींबद्दल चाळीस वर्षं ब्र काढला नाही. त्यात ते एकटं नव्हतं. १९५१ च्या एका कायद्याने नाझी काळातले बहुतेक सरकारी नोकर पुन्हा कामावर रुजू झाले. त्यांत न्यायाधीश होते, पोलीस होते, प्राध्यापक आणि शाळामास्तरही होते. ज्याने स्वतः पक्षाचं सदस्यत्व घेतलं होतं तो मास्तर नववीच्या वर्गात १९३३ बद्दल काय शिकवणार? अनेक वर्गांत इतिहास बिस्मार्कपाशीच संपायचा.

ही कोंडी फुटली ती धक्क्यांनी. १९५९ च्या नाताळात कोलोनच्या नुकत्याच पुन्हा उघडलेल्या सिनेगॉगवर (ज्यूंच्या प्रार्थनामंदिरावर) स्वस्तिकं रंगवली गेली, जगभर बोभाटा झाला, आणि फेब्रुवारी १९६० मध्ये सर्व राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांनी नजीकचा इतिहास शाळेत शिकवायचा असा ठराव केला. जर्मनीत शिक्षण हा राज्यांचा विषय आहे, त्यामुळे एकच सरकारी पाठ्यपुस्तक नसतं आणि असा ठराव सोळा ठिकाणी (तेव्हा अकरा) सोळा तऱ्हांनी अंमलात येतो. पुढे हेसे राज्याचे सरकारी वकील फ्रिट्झ बाउअर यांच्या चिकाटीमुळे डिसेंबर १९६३ मध्ये फ्रँकफुर्टला आउशवित्झचा खटला उभा राहिला. बाउअर स्वतः ज्यू, नाझी छावणीत राहून आलेले. वीस महिने साक्षी चालल्या आणि छावणीतला रोजचा कारभार जर्मन वर्तमानपत्रांत जर्मन भाषेत छापून आला. मग १९६८ च्या विद्यार्थी चळवळीची पिढी आली. तिने बापालाच विचारलं, तेव्हा तुम्ही काय करत होतात?

विद्यार्थ्याच्या नजरेने पाहिलं तर मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती एक निबंध स्पर्धा. १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष गुस्टाफ हाइनेमान आणि हँबुर्गचे उद्योजक कुर्ट क्योर्बर यांनी शालेय मुलांसाठी इतिहास स्पर्धा सुरू केली. अट एकच की इतिहास आपल्या गावचा हवा आणि स्वतः खणून काढलेला हवा. १९८० च्या सुमारास विषय आला नाझी काळातलं रोजचं जीवन. हजारो मुलं आजी-आजोबांना, पाद्र्यांना, पालिकेतल्या कारकुनांना प्रश्न विचारत सुटली. बायर्नमधल्या पासाऊ गावची आना रोस्मुस ही त्यांतलीच एक. गावाने नाझींना विरोध केला असं ती ऐकत आली होती. कागद मागायला गेल्यावर दारं बंद व्हायला लागली. ज्यांना आदराने नमस्कार करायचा त्यांचीच नावं पुढे यायला लागली, म्हणून तिला दफ्तरखान्यावर दावा लावावा लागला. तो ती जिंकली, १९८३ मध्ये पुस्तक काढलं, धमक्या खाल्ल्या आणि १९९४ मध्ये अमेरिकेला निघून गेली. कबुलीची संस्कृती कशी तयार झाली असं कोणी विचारलं, की मला ती मुलगी आठवते. पाटी लावणारं विद्यापीठ नंतर.

१९७९ ते १९८८ या दशकात बरंच काही एकदम घडलं. जानेवारी १९७९ मध्ये एका ज्यू कुटुंबाची शोकांतिका सांगणारी अमेरिकन दूरदर्शन मालिका पश्चिम जर्मनीत दाखवली गेली आणि कोट्यवधींनी पाहिली. त्याच जुलैत खुनाच्या गुन्ह्याला मुदतीची मर्यादा नसावी असा कायदा संसदेने केला. गावोगावी इतिहासाच्या हौशी कार्यशाळा निघाल्या. मे १९८५ मध्ये बर्लिनकर नागरिक फावडी घेऊन गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, मुख्यालयाच्या ओसाड जागेवर गेले आणि त्यांनी प्रतीकात्मक खोदकाम केलं. त्याच आठवड्यात, ८ मेला, म्हणजे १९४५ मधल्या जर्मनीच्या शरणागतीच्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष रिशार्ड फॉन वाइत्झेकर यांनी संसदेत तो दिवस जर्मनांच्याही मुक्तीचा म्हटला. ईनेश्ट्रासेवरची पाटी या लाटेतली आहे, आणि तीही विद्यार्थ्यांनी व काही अध्यापकांनी विषय लावून धरल्यामुळे. जुन्या कैसर विल्हेल्म संस्थांचा वारसा चालवणाऱ्या माक्स प्लांक संस्थेने तर मेंगेलेच्या प्रयोगांतून वाचलेल्यांची माफी मागितली ती २००१ मध्ये.

पूर्व जर्मनीची वाट वेगळी. फॅसिझम हे पश्चिमेचं, भांडवलदारांचं पाप, आम्ही त्याविरुद्ध लढलेल्यांचे वारस, ही तिथली अधिकृत भूमिका. वायमारजवळच्या बुखेनवाल्ड छावणीत १९५८ मध्ये भव्य स्मारक उभं राहिलं ते कम्युनिस्ट कैद्यांच्या गौरवासाठी. ज्यू कैदी त्यात कोपऱ्यात राहिले. १९९० नंतर दोन्ही इतिहास एका देशात आले, पण आजही पूर्वेकडच्या लाइप्त्सिशच्या आणि पश्चिमेकडच्या कोलोनच्या वर्गमित्राशी बोलताना दोघांच्या घरच्या आठवणी वेगळ्या निघतात.

विद्यापीठातली सेमिनारची पद्धत मात्र यापेक्षा बरीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इतिहासकार लेओपोल्ड रांके बर्लिनला मोजक्या विद्यार्थ्यांना घेऊन मूळ कागदपत्रं तपासत बसायचे, तिथून ती रूढ झाली. गाईड, अपेक्षित प्रश्नसंच आणि ‘सविस्तर उत्तरे लिहा’ यांवर वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्याची खरी भंबेरी इथे उडते. टेबलावर एक झेरॉक्स येते, समजा १९३० च्या दशकातला एखाद्याच्या वंशाबद्दलचा अहवाल. मग चर्चा सुरू होते. टाइप कोणी केला? पाठवला कोणाला? शिक्का कुठल्या कचेरीचा? ज्याच्याबद्दल आहे त्याचं म्हणणं कुठे आहे? तास संपतो तरी पान एकच असतं. रेफेराट म्हणजे वर्गापुढची मांडणी आणि हाउसआर्बाइट म्हणजे सत्राअखेरचा निबंध. दोन्हींत मत विचारलं जातं, पण पुराव्याशिवाय ते कोणी ऐकून घेत नाही. इंटरनेटवर वाचलं, हा पुरावा नव्हे, हेही लवकरच कळतं.

तरी या पद्धतीचं फार कौतुक करू नये. रांकेचे वारसदार म्हणवणारे कितीतरी इतिहासकार १९३३ नंतर मुकाट राजवटीच्या सेवेत गेले. थेओडोर शीडर आणि वेर्नर कोन्झे हे युद्धोत्तर काळातले दिग्गज तरुणपणी पूर्व युरोपातल्या लोकसंख्येच्या फेरबदलाच्या योजनांना विद्वत्ता पुरवत होते. त्यांच्या शिष्यांना त्याबद्दल जाहीर सभेत जाब द्यावा लागला तो फ्रँकफुर्टच्या इतिहास परिषदेत, १९९८ मध्ये.

आता सगळ्यांत तापलेला विषय आहे वसाहतींचा. हेरेरो आणि नामा लोकांचा संहार हा वंशसंहार होता, असं जर्मन सरकारने मे २०२१ मध्ये मान्य केलं. डालेममध्ये ईनेश्ट्रासेच्या जवळच २०१४ मध्ये खोदकामात मानवी हाडं सापडली. नंतरच्या उत्खननात तुकड्यांची संख्या १६,००० च्या घरात गेली. ती कोणाची हे ठरवणं अशक्य होतं. आउशवित्झचे बळी, वसाहतींतून आणलेले अवशेष, जुन्या थडग्यांतले सांगाडे, काहीही असू शकेल. वंशानुसार वेगळं करणारी कोणतीही चाचणी करायची नाही असं ठरलं, कारण तेच तर फिशर करत होते. मार्च २०२३ मध्ये ती डालेमच्याच दफनभूमीत पुरली गेली. संग्रहालयातल्या कवट्यांबाबत मात्र उलटा निर्णय झाला. पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या हजाराहून अधिक कवट्यांचा माग काढताना काहींची डीएनए तपासणी केली गेली आणि टांझानियातले हयात नातेवाईक सापडले. एकाच शहरात चाचणी नाकारणं आणि चाचणी करणं, दोन्ही न्याय्य कसं ठरतं यावर आता सेमिनारमध्ये वाद होतात, आणि वसाहतीच्या देशातून आलेल्या विद्यार्थ्याला तिथे कोणी नुसतं ऐकत बसू देत नाही.