द मॉथ आणि स्टोरीकॉर्प्स: गोष्ट खरीच, पण सांगायची कुणाला?

अमेरिकेतले हे दोन पॉडकास्ट नव्या श्रोत्याला सख्खी भावंडं वाटतात. दोन्हींत साधी माणसं आपल्या आयुष्यातलं खरंखुरं काही सांगतात, दोन्ही उपक्रम न्यूयॉर्कमध्ये जन्मले आणि दोन्ही ऐकताना घसा दाटून येतो. फरक आहे तो गोष्ट कुणासमोर सांगितली जाते यात.

द मॉथ हा मंच आहे. जॉर्ज डॉझ ग्रीन या कादंबरीकाराने १९९७ मध्ये आपल्या घरच्या बैठकीत तो सुरू केला. गोष्ट खरी हवी, स्वतःची हवी आणि हातात कागद नको, एवढंच पथ्य. आपल्याकडच्या कथाकथनाची आठवण येते खरी, पण तिथे बहुतेकदा लिहिलेली कथा रंगवून सांगतात. इथे सांगणाराच कथेतलं पात्र असतो. त्यांच्या ‘स्टोरीस्लॅम’मध्ये विषय आधी जाहीर होतो, इच्छुकांच्या नावांच्या चिठ्ठ्या काढतात आणि प्रत्येकाला साधारण पाच मिनिटं मिळतात. मोठ्या कार्यक्रमांसाठी मात्र दिग्दर्शक सांगणाऱ्याबरोबर आधी बसतात. सुरुवात कुठून करायची, कुठला मामा गाळायचा, हे सगळं ठरतं. काहींना ही लबाडी वाटते. मला नाही वाटत. अनोळखी माणसांचा वेळ घ्यायचा तर तयारी हवीच. २००८ पासून हे पॉडकास्टवर आलं आणि सभागृहातलं हसूही सोबत आलं. रात्री एकटे भांडी घासतानाही आपण त्या गर्दीत बसलेले असतो.

स्टोरीकॉर्प्समध्ये गर्दीच नाही. डेव्ह आयसे या रेडिओ निर्मात्याने २००३ मध्ये ग्रँड सेंट्रल या रेल्वे स्थानकात ध्वनिमुद्रणाची एक खोली उभारली. तिथे एकमेकांना ओळखणारी दोन माणसं यायची: आई आणि मुलगी, जुने मित्र, म्हातारं जोडपं. वेळ ४० मिनिटं. संस्थेचा एक माणूस यंत्र सांभाळायला बसलेला, शक्यतो गप्प.

खरी गंमत इथे आहे. तीस वर्षं एका घरात राहून जे विचारलं नाही, ते माणसं त्या खोलीत विचारतात. माइक समोर असला की ‘आज काय हे मध्येच?’ असं म्हणायची सोय उरत नाही. प्रश्न विचारायला जणू परवानगीच मिळते, आणि उत्तर टाळणंही अवघड होतं. दोघांची संमती असेल तर ते संभाषण अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या लोकजीवन संग्रहात जपलं जातं. प्रसारित होतो तो त्यातला अगदी थोडा भाग. बहुतेक संभाषणं रेडिओवर कधी येतच नाहीत. म्हणजे जे नातं जुळायचं ते त्या खोलीतच जुळून गेलेलं असतं. आपण नंतर दाराआडून ऐकणारे.

कात्री दोन्हीकडे चालते, पण हात वेगळे. मॉथमध्ये गोष्ट मुख्यतः सांगण्याआधी घडवली जाते आणि सांगणारा त्यात सामील असतो. स्टोरीकॉर्प्समध्ये ती नंतर संपादकाच्या टेबलावर घडते. ४० मिनिटांतून दोन-तीन उरली की अडखळणं, विषयांतर, ‘चहा घेतेस का?’ हे सारं जातं आणि रडू मात्र राहतं. त्यांच्या छोट्या भागांबद्दल माझी एवढी एकच तक्रार आहे.

घरच्या आजोबांचा आवाज जपायचा असेल तर पद्धत स्टोरीकॉर्प्सचीच घ्यावी. २०१५ पासून त्यांचं ॲपही आहे, पण फोनवरचा साधा रेकॉर्डरही चालतो. पंखा बंद ठेवा, फोन दोघांच्या मध्ये ठेवा. ‘तुमचं आयुष्य कसं गेलं?’ असं विचारलंत तर ‘छान गेलं’ यावर मामला संपेल. पहिल्या पगाराचं काय केलंत, कुणाशी अबोला धरला होता, आजीला प्रथम पाहिलं तेव्हा तिने काय घातलं होतं, असं विचारा. मधेच ‘हे सांगितलंय तुम्ही’ म्हणू नका. पुढच्या वाक्यात बहुधा नवं काही येणार असतं.