किडनीचा आजार आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या

क्रिएटिनिन (रक्तातला टाकाऊ पदार्थ; तो वाढला म्हणजे किडनी कमी गाळते आहे) वाढल्याचा रिपोर्ट घरात आला की पाठोपाठ सल्ले येतात. आवळ्याचा रस घ्या, व्हिटॅमिन सी सुरू करा, अमुक अँटिऑक्सिडंट कॅप्सूल घ्या. त्यामागचे शास्त्र अगदीच खोटे नाही, आणि पंचाईत तिथेच आहे.

दोन्ही किडन्यांचे वजन शरीराच्या अर्धा टक्काही भरत नाही, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. दिवसाला सुमारे १८० लिटर द्राव गाळला जातो आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकीचा परत शोषला जातो. या शोषणाला प्रचंड ऊर्जा लागते, म्हणून तिथल्या नलिकांच्या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या केंद्रांनी, खच्चून भरलेल्या असतात. ऊर्जा बनताना थोडा ऑक्सिजन अर्धवट अवस्थेत निसटतो. तो म्हणजे सुपरऑक्साइड, पेशींना इजा करू शकणारा. अशा ऑक्सिजनला निकामी करणारे ते अँटिऑक्सिडंट. एक एन्झाइम त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते, दुसरी काही एन्झाइम्स त्याचे पाणी करून टाकतात. निरोगी शरीरात हा हिशेब जुळतो.

जुनाट आजारात तो दोन्हीकडून बिघडतो. उरलेल्या नेफ्रॉनवर (किडनीतल्या गाळणाऱ्या सूक्ष्म घटकांवर) जादा काम पडते, अँजिओटेन्सिन हे संप्रेरक सुपरऑक्साइड बनवणारी यंत्रणाच चालू करते, आणि निचरा न झालेली विषद्रव्ये त्यात भर घालतात. उलट बाजूला, रक्तात फिरणारे ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे संरक्षक एन्झाइम मुख्यतः किडनीतच तयार होते. किडनी गेली की तेही घटते. डायलिसिसमध्ये व्हिटॅमिन सी गाळणीतून वाहून जाते, शिवाय रक्तवाढीसाठी शिरेतून दिलेले लोह पेरॉक्साइडपासून आणखी घातक हायड्रॉक्सिल बनवू शकते. याचा मोठा फटका रक्तवाहिन्यांना बसतो. किडनीचे कितीतरी रुग्ण डायलिसिसची वेळ येण्याआधी हृदयविकारानेच जातात.

मग अँटिऑक्सिडंट द्यावे, हे ओघानेच आले. २००० साली इस्रायलमध्ये हृदयविकार असलेल्या १९६ डायलिसिस रुग्णांवर व्हिटॅमिन ई वापरून पाहिले, तेव्हा हृदयाच्या तक्रारी जवळजवळ निम्म्यावर आल्या. पण किडनी थोडीफार बिघडलेल्या रुग्णांवरच्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत, कमी मात्रेत का होईना, काहीच फायदा दिसला नाही.

खरा धडा बार्डोक्सोलोनचा. पेशीची स्वतःची अँटिऑक्सिडंट यंत्रणा जागी करणारे हे औषध टाइप २ मधुमेह आणि किडनीचा चौथ्या टप्प्याचा आजार असलेल्या २१८५ जणांवर तपासले गेले. गाळण्याचा वेग कागदावर सुधारलाही. पण औषध घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअरने भरती किंवा मृत्यू ९६ जणांच्या वाट्याला आला, तुलनेसाठी औषध नसलेली गोळी (प्लासिबो) घेणाऱ्यांत ५५ जणांच्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये चाचणी थांबवावी लागली. रिपोर्टमधला आकडा सुधारणे आणि माणूस सुधारणे यात एवढे अंतर असू शकते!

व्हिटॅमिन सीच्या बाबतीत धोका अधिक साधा आहे. जादा मात्रेचे शरीरात ऑक्झलेट नावाचे टाकाऊ द्रव्य होते, ते बाहेर टाकणे कमजोर किडनीला जमत नाही आणि ते तिच्यातच साचते. ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य इथे तरी चालत नाही.

गंमत अशी की सुपरऑक्साइडचा एक मोठा नळ बंद करणारे औषध बऱ्याच रुग्णांच्या डब्यात आधीपासून असते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल. आपण त्यांना ‘बीपीची गोळी’ म्हणतो, पण अँजिओटेन्सिनला अडवण्याचे काम त्याच करतात. त्यांनी पोटॅशियम वाढू शकते, म्हणून सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. ती तपासणी टाळू नये.